फळ्यावरचा थोरला भाऊ

माझे अक्षर चांगले आहे. ही बढाई नव्हे. आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी रोज एक पान कित्ता गिरवून घेत, आणि 'र'ची शेपटी वाकडी गेली तर पान फाडत. त्या शेपटीने पुढे मला पुष्कळ दिवस जेवायला घातले.

वाघोलीच्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवायला लागलो, तिथे फाटकाशी एक मोठा काळा फळा होता. त्यावर रोज 'आजचा विचार' लिहिण्याचे काम मी रुजू झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले. मी वर्गात काय शिकवतो, हे प्राचार्यांनी दुसऱ्या महिन्यात विचारले.

महाविद्यालय तेव्हा नवे होते. नगर रस्त्याच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या, आणि ज्यांच्या ज्वारीच्या शेतात त्या उभ्या राहिल्या त्यांच्यापैकी एकाने उरलेल्या जमिनीवर हे महाविद्यालय काढले होते. संस्थेचे अध्यक्ष तेच. सगळे त्यांना दादा म्हणत. तळमजल्यावर संगणक होते आणि त्या संगणकांना उकडू नये म्हणून एसी होता. पहिल्या मजल्यावर व्यवस्थापन शिकवत. सर्वांत वर पत्र्याखाली आम्ही, म्हणजे कलाशाखा. कलाशाखा दाखवल्याशिवाय बाकीच्याला परवानगी मिळत नव्हती म्हणून ती काढली, असे शिपाईसुद्धा सांगत. मला त्याचे वाईट वाटले नाही. कारण काहीही असो, शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी शिकवायला कुणीतरी एक माणूस नेमला होता आणि तो माणूस मी होतो. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत.

मी तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. सुटीत तास नाहीत, म्हणून सुटीत तुम्हीही नाही. दिवाळीनंतर मराठीची एक जागा कायम भरायची होती. पण त्याला दोन अटी होत्या. एक कागदावरची: वर्गात पुरेशी मुले हवीत. दुसरी कागदावर नसलेली: दादांची मर्जी हवी. माझ्या वर्गात नऊ मुले होती, आणि दादांना मी फळा लिहिणारे सर म्हणून लांबून माहीत होतो. घरी मात्र आईने अख्ख्या आळीला सांगून ठेवले होते की मुलगा पुण्यात प्रोफेसर आहे आणि दिवाळीनंतर पक्का होतो.

प्राचार्य पुण्याच्या पेठेतले. एका जुन्या महाविद्यालयातून निवृत्त होऊन इकडे आले होते. कधी आवाज चढवत नसत. त्यांना गरज पडत नसे.

"मराठी घेऊन मुलं पुढे काय करतात हो?" त्यांनी एकदा विचारले.

"सर, साहित्याची आवड निर्माण होते."

"आवड मला बुंदीच्या लाडवांचीही आहे. त्यांचा विभाग उघडा असं मी म्हटलेलं नाही."

असे म्हणून त्यांनी एक तक्ता पुढे सरकवला. त्या वर्षी सगळेच विषय उद्योगाभिमुख करायचे ठरले होते. तक्त्यात तीन रकाने होते: घटक, विकसित होणारे कौशल्य, आणि ते कोणत्या नोकरीत उपयोगी पडेल. वरती छापले होते, 'अभिजात कादंबरी व आधुनिक जीवन यांचा संबंध स्पष्ट करा.' मी तो तक्ता धायरीच्या माझ्या खोलीवर नेला आणि रविवारभर बसून प्रामाणिकपणे भरला.

आता त्या कादंबरीविषयी सांगायला हवे. तिचे नाव देत नाही. तिच्यावर आधीच पुष्कळ अन्याय झाला आहे. गोष्ट साधी आहे. एका गावात दोन भावंडे, थोरला भाऊ आणि धाकटी बहीण. बाप मरताना विहिरीकडचा पट्टा लेकीला द्या म्हणून सांगून जातो. भाऊ तो देत नाही. उलट भाऊबीजेला तिच्या ताटात लुगडे घालतो, लुगड्याखाली कागद ठेवतो, आणि सगळ्यांच्या हसण्याबोलण्यात तिचा अंगठा घेतो. सहावे प्रकरण ते. तक्त्यात मी त्या प्रकरणासमोर कौशल्य लिहिले, 'वाटाघाटी'. नोकरीच्या रकान्यात लिहिले, 'विक्री व विपणन'. लिहिताना मला संकोच वाटला, पण रकाना मोकळा ठेवायची सवय आमच्या शाळेने लावलेली नव्हती.

प्राचार्यांनी तक्ता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आपण नोकरीला लागाल."

वर्गात परिस्थिती वेगळी होती. नऊपैकी कुणीही कादंबरी वाचलेली नव्हती. प्रत्येकाकडे एक पातळ गाईड होते. त्यात थोरल्या भावाचे स्वभावचित्र दहा ओळींत दिलेले होते आणि परीक्षेत तेवढेच लागे. मी पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात "ती बहीण किती सहन करून राहिली बघा" असे आमच्याकडच्या वळणाने बोलून गेलो होतो, तेव्हापासून मुलांना माझा विषय विनोदी वाटत असे.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसे. वाघोलीचीच. हुशार होती, पण तिच्या वहीखाली नेहमी कॉल सेंटरच्या मुलाखतीचे फॉर्म असत. मी तिला विचारले, "तुम्ही तरी वाचली का?"

"बारा पानं वाचली सर. स्टोरी स्लो आहे."

"पुढे वेग येतो."

"किती पानांनी?"

मी सांगितले, साठ. ती इतक्या सहानुभूतीने हसली की मला आमच्या लेखकाची दया आली.

मग मला फळ्याची युक्ती सुचली. एवीतेवी रोज कष्टाचे फळ आणि वेळेचे महत्त्व लिहायचे, त्याऐवजी कादंबरीतले काही लिहावे. खाली नाव घालायचे नाही. कुणीतरी विचारील, हे कोण म्हणाले? मग मी म्हणेन, वाचा म्हणजे कळेल. ही युक्ती मला फार नामी वाटली. आमच्या गुरुजींना ती आवडली असती.

पहिल्याच दिवशी मी थोरल्या भावाचे भाषण निवडले. बहिणीला जमीन का द्यायची नाही, हे तो गावाला पटवून देतो ते. मूळ पुस्तकात ते तीन पाने आहे आणि त्यात तो इतक्या वेळा स्वतःचे भले हेच गावाचे भले म्हणून सांगतो की वाचणाऱ्याला त्याची किळस येते. तीन पाने फळ्यावर मावणार नव्हती. म्हणून मी त्याचा अर्क काढला आणि माझ्या शब्दांत, दोन ओळींत लिहिला:

जमीन मुकी असते.
तिच्या वतीने बोलणारा माणूस हवा.

खडू खाली ठेवून चार पावले मागे जाऊन पाहिले. सुंदर दिसत होते. इतके सुंदर की त्यातली किळस कुठे गेली ते मला तेव्हा लक्षात आले नाही.

तीन दिवस मी ते पुसले नाही, आणि कुणीही काही विचारले नाही. चौथ्या दिवशी दादांची पांढरी गाडी फाटकाशी थांबली, काच खाली आली, आणि दादांनी मला बोटाने जवळ बोलावले.

"सर, हे कुणाचं हाय?"

माझ्या अंगावर रोमांच आले. तीन वर्षांत माझ्या विषयाबद्दल कुणीतरी पहिल्यांदा प्रश्न विचारला होता. "एका जुन्या कादंबरीतलं आहे दादा. थोरला भाऊ असं म्हणतो."

"शेतकरी हुता?"

"हो. मोठा शेतकरी."

"शाणा माणूस." ते पुन्हा एकदा वाचून म्हणाले, "आमच्या मनातलं बोलला बगा."

इथे मी पुढचे वाक्य बोलायला हवे होते. बोलणारही होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, काच वर गेली आणि गाडी गेली. मला हायसे वाटले, हे कबूल करतो.

आठ दिवसांनी फाटकावर फ्लेक्स लागला. वीस फूट रुंद. डाव्या बाजूला दादा कानाला फोन लावून उभे, उजवीकडे त्यांच्या नव्या प्लॉटिंगचा नकाशा, आणि मध्ये पिवळ्या अक्षरांत माझ्या दोन ओळी. खाली दादांचे नाव. म्हणजे ते वाक्य आता दादांचे झाले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने तीन पाने घाम गाळून जे सांगितले, आणि मी दोन ओळींत आणले, ते तिसऱ्या माणसाच्या नावाने नगर रस्त्यावर उभे राहिले. येणारेजाणारे ट्रक ते वाचत जात.

प्राचार्यांनी मला खोलीत बोलावले. "अभिनंदन. कादंबरीचा आधुनिक जीवनाशी संबंध जोडा असं आम्ही म्हटलं होतं. इतका घट्ट जोडाल अशी कल्पना नव्हती."

"सर, पण तो माणूस कादंबरीत चांगला नाही. दादांना सांगायला हवं."

"जरूर सांगा. मुलाखतीच्या आधी सांगणार की नंतर?"

मी जायला वळलो.

"मग पुस्तकाचं नाव तेवढं लिहून द्या. दादांनी दहा प्रती मागवायला सांगितल्यात. ग्रंथालयाला याआधी त्यांनी फक्त पंखा दिला होता."

दहा प्रती आल्या. आणखी एक गोष्ट झाली. दादांनी एका कार्यक्रमात सगळ्यांसमोर सांगितले की आपल्या कॉलेजात एक पुस्तक शिकवतात, ते प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराने वाचावे, धंदा कळेल. दुसऱ्या दिवशी कार्यालयात विषय बदलून घ्यायला रांग लागली. नऊची एकतीस मुले झाली. त्यांतल्या निम्म्यांनी गाईडसुद्धा घेतले नव्हते, पण हजेरीपटावर एकतीस होती आणि मला तेवढी पुरत होती. मी घरी पत्र लिहिले की बहुतेक काम होईल. 'बहुतेक' हा शब्द मी लिहिला, पण आईला पत्र शेजारची मुलगी वाचून दाखवते. तिने तो वाचला नसावा. आईने पेढे वाटले.

नवरात्राच्या सुमारास पहिल्या बाकावरची मुलगी तास संपल्यावर थांबली. हातात ग्रंथालयाची नवी प्रत होती.

"सर, मी पूर्ण वाचली."

"वा! खरंच साठ पानांनंतर वेग येतो ना?"

"सर, हा माणूस व्हिलन आहे."

"हो."

"मग फ्लेक्सवर काय करतोय?"

मी तिला समजावून सांगू लागलो की श्रेष्ठ कादंबरीतली पात्रे एकपदरी नसतात, त्यांच्या वागण्याला काळाचे संदर्भ असतात, आणि वाचक आपापल्या अनुभवातून...

"सर, एक मिनिट. व्हिलन आहे ना? येस ऑर नो?"

"येस," मी म्हणालो. विद्यापीठाच्या परीक्षेत इतका नेमका प्रश्न कधी येत नाही.

मग तिने जे सांगितले त्याने मी बाकावरच बसलो. दादा तिचे सख्खे मामा होते. हे ती कॉलेजात कुणाला सांगत नसे, कारण सांगितले की शिक्षक जास्त मार्क देतात आणि मुली कमी बोलतात. दादांनी महाविद्यालयाच्या मागची आठ एकर एका बिल्डरला द्यायचे ठरवले होते. जमीन आजोबांच्या नावची. त्यासाठी दादांच्या दोघी बहिणींची हक्कसोड हवी होती. हक्कसोड म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडला, असे बहिणीने सरकारी कचेरीत जाऊन लिहून देणे. नगर रस्त्याला त्या वर्षांत घरोघर हे चालले होते. सही करून बाहेर आले की बहिणीला साडी आणि जेवण, अशी रीत. आमच्याकडेही ही रीत आहे. पण आमच्या आजोबांना जमीनच नव्हती, त्यामुळे आमच्या आत्या त्या मानाने सुखी होत्या.

"भाऊबीजेला मामा साडी देणार, आणि नंतरच्या सोमवारी सही," ती म्हणाली. "आईला वाटतं नुसता कागद आहे. सर, मी हे पुस्तक आईला वाचून दाखवू?"

माझ्या डोळ्यांसमोर एकदम तीन गोष्टी आल्या: एकतीस मुलांचा हजेरीपट, आईचे पेढे आणि दादांची वर जाणारी काच. मुलाखत दिवाळीची सुटी संपल्यावर लगेच होती. ही मुलगी माझी परवानगी का मागत होती तेही कळेना. पुस्तक तिच्या हातात होते, आई तिच्या घरात होती.

"कादंबरी वाचायला कुणाची परवानगी लागत नाही," मी म्हणालो. बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला. वाघोली ते स्वारगेट तो अभिमान टिकला. स्वारगेटहून धायरीच्या बसमध्ये बसल्यावर मी आपण असे का बोललो याचा विचार करू लागलो, आणि स्टॉप चुकला.

तिची आई चौथी शिकलेली. मुलगी वाचायची आणि आई फराळाचे करायची. रोज सकाळी तास सुरू व्हायच्या आधी मला अहवाल मिळे.

"सर, आई म्हणते ही बहीण बावळट आहे. लुगड्याखाली हात घालून बघायला काय झालं होतं?"

"सर, आई विचारते, भावाची बायको सगळं बघते, मग बोलत का नाही? तिला पण माहेर असेल ना?"

"सर, चकली जळली काल. सहावं प्रकरण होतं."

खरे सांगतो, त्या कादंबरीवर मी वाचलेल्या कोणत्याही समीक्षेत भावाच्या बायकोचा मुद्दा आलेला नाही. माझ्या तीन वर्षांच्या शिकवण्यातही नाही. चकलीच्या कढईपाशी तो दुसऱ्या दिवशी निघाला.

दिवाळीची सुटी लागली. मी गावी गेलो. आई दारात आलेल्या प्रत्येकाला सांगत होती, पक्का झाला म्हणून. मी 'अजून मुलाखत आहे' म्हटले की लोक हसत. त्यांना तो विनय वाटे.

सुटीनंतर पहिल्या दिवशी फाटकाशी आलो तर ती मुलगी फळ्याजवळ उभी होती. भाऊबीजेला काय झाले ते तिने उभ्याउभ्याच सांगितले. दादांनी पाटावर बसून ओवाळून घेतले. ताटात भारी पैठणी घातली. तिच्या आईने ताट खाली ठेवले, पैठणी उचलली आणि खाली काय आहे ते पाहिले.

"काय बघतीस?" दादांनी विचारले.

"कागद हाय का बघते."

"कागद वकिलाकडं हाय. सोमवारी यायचंय."

"दादा," ती म्हणाली, "तुझ्याच बोर्डावर लिवलंय. जमीन मुकी असते, तिच्या वतीनं बोलणारा माणूस हवा. बरोबर हाय तुझं. तर मी बोलते. सही नाय करायची मी. रस्त्याकडची एक एकर माझ्या नावावर कर, मग बाकीचं बघू."

मग दुसरी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "मलाबी तेच बोलायचंय."

"आणि मग?" मी विचारले.

"मग काय, आईनं श्रीखंड वाढलं. मामा जेवला नाही. सर, पुस्तकातला भाऊ कसा आहे ते आईनं सांगितलं त्याला. सॉरी."

दुपारी बोलावणे आले. मुलाखत चार दिवसांवर होती. दादांच्या केबिनमध्ये प्राचार्य आधीच बसलेले होते. टेबलावर ग्रंथालयाची एक प्रत होती, अजून न उघडलेली. तिची पाने एकमेकांना चिकटलेली होती.

"बसा सर," दादा म्हणाले. ते ओरडले असते तर मला बरे वाटले असते. "त्यो थोरला भाऊ चांगला माणूस न्हाय, हे तुमाला ठावं हुतं?"

"हो दादा."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"सांगणार होतो. तेवढ्यात आपला फोन आला."

"तीन महिनं चालूच हुता का माझा फोन?"

प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिले. खिडकीतून फ्लेक्सची मागची बाजू दिसत होती.

"चूक झाली दादा," मी म्हणालो. "ते वाक्यसुद्धा त्याचं पुरतं नाही. तो फार लांब बोलतो. मी त्यातलं छान तेवढं काढून लिहिलं. मला नोकरी हवी होती म्हणून पुढचं बोललो नाही."

दादांनी पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखे वर-खाली केले. "शेवट काय हाय याचा? जमीन मिळती का त्याला?"

"दादा, कादंबरीत शेवटाला तसं फार महत्त्व नसतं," प्राचार्य म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी माझ्या बाजूने बोललेले ते पहिले वाक्य होते, आणि तेही साहित्याच्या विरुद्ध होते.

मला शेवट बदलता आला असता. बहीण परत येते, भाऊ पाया पडतो, दोघे विहिरीवर जातात; दादांनी पुस्तक वाचले नव्हते आणि वाचणारही नव्हते. चार दिवसांनी मुलाखत होती. पण तो शेवट मी वर्गात इतक्या वेळा शिकवला होता की तोंडातून दुसरा येईना.

"जमीन मिळते," मी म्हणालो. "सगळी मिळते. मग पुढची भाऊबीज येते. तो अंघोळ करून नवं धोतर नेसून बसतो. पाट मांडलेला असतो, पाटाभोवती रांगोळी असते. सकाळची दुपार होते. कुणी येत नाही. तिथे पुस्तक संपतं."

"बहीण मेली?"

"नाही. तिच्या घरी आहे."

"मग येत का न्हाय?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिवायला काय झालं हुतं?" दादा चिडून म्हणाले. मग त्यांनी ते बंद पुस्तक टेबलावर ठेवले. "पाट तसाच?"

"तसाच."

दादांनी बेल दाबली आणि शिपायाला तीन चहा सांगितले.

"माझी आली हुती," ते म्हणाले, आम्हाला नव्हे. "भांडली. पर आली हुती."

चहा येईपर्यंत त्यांनी निर्णय घेतला. तो असा: सरांना कायम करायचे, कारण खोटे बोलता येत असून सर शेवटी बोलले नाहीत, शिवाय त्या मुलीच्या आईने निरोप पाठवला होता की त्या मास्तरला काढलेस तर मी दुसरी एकरही मागेन. मात्र यापुढे कादंबरी नाही. अभ्यासक्रमात कादंबरी किंवा निबंधसंग्रह, असा पर्याय होता. आमचे महाविद्यालय निबंध घेणार होते.

"निबंधात माणसं नसत्यात ना?" त्यांनी प्राचार्यांना विचारून खात्री करून घेतली.

"फारशी नसतात," प्राचार्य म्हणाले. "असली तर सद्गुणी असतात."

मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, की फळा पुढे कोण लिहिणार. मी म्हटले, ज्याला सांगाल तो. फळा काढून तिथे लाल अक्षरे सरकणारी पाटी बसवली. तिच्यावर तापमान आणि प्रवेश सुरू असल्याची सूचना असे. आईला फोनवर कळवले तर ती म्हणाली, "तू तर दिवाळीआधीच पक्का झाला होतास ना?"

रस्त्याकडची एक एकर दोघी बहिणींना अर्धी अर्धी मिळाली, असे मुलीने सांगितले. पूर्ण दोन मिळाल्या नाहीत. पण दादा त्या वर्षीपासून भाऊबीजेला पाट मांडायच्या आधी दोघींना फोन करून निघालात का म्हणून विचारतात.

फ्लेक्स उतरवला. पण आमच्याकडे फ्लेक्स वाया जात नाही. पावसाळ्यात कलाशाखेच्या वरांड्यात झड येत असे, म्हणून तो कापून तिथे पडद्यासारखा लावला. दादा आणि नकाशा कापण्यात गेले. माझ्या वर्गाच्या दारावर जो तुकडा आला त्यावर पिवळ्या अक्षरांत एवढेच राहिले, 'बोलणारा माणूस हवा'. नवीन मुले ती जाहिरात समजून आत चौकशीला येतात. मी त्यांना बसवून घेतो आणि 'श्रमाची प्रतिष्ठा' हा निबंध शिकवतो. तक्त्यात त्यासमोर मी कौशल्य लिहिले आहे, 'सहनशीलता'.

त्या कादंबरीच्या दहा प्रतींपैकी नऊ ग्रंथालयात आहेत. दहावी त्या मुलीच्या नावावर गेली ती परत आली नाही. ती पास झाली, खराडीच्या एका कंपनीत लागली. गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा मी पुस्तकाचे विचारले.

"सर, आईकडून मावशीकडे गेलं. मावशीनं तिच्या नणंदेला दिलं. आता लोणीकंदला आहे कुणाकडे तरी. तिकडे पण सोमवारी सही आहे म्हणे."

दरवर्षी मार्चमध्ये ग्रंथालयाची मोजणी होते आणि कायम शिक्षक म्हणून ती माझ्याकडे असते. दरवर्षी दहाव्या प्रतीसमोर मी 'हरवले' असे न लिहिता 'वाचकाकडे आहे' असे लिहितो, आणि दरवर्षी प्राचार्य सही करायच्या आधी तिथे पेन थांबवतात.

"अजून वाचकाकडे?" या वर्षी त्यांनी विचारले. "तिसरं वर्ष चाललं. फार सावकाश वाचतात हो आपले वाचक."

"हो सर," मी म्हणालो. "स्टोरी स्लो आहे."

त्यांनी सही केली.